योसेफाची कोठारे आणि आपली वीज



१ सप्टेंबरला सृष्टीच्या संगोपनासाठी जागतिक प्रार्थनादिन असतो आणि ४ ऑक्टोबरला असिसीकर संत फ्रान्सिस यांचा सण. या दोन दिवसांमधल्या काळाला ख्रिस्तसभा 'सृष्टीकाळ' म्हणते. या काळात झाडे लावा, प्लास्टिक टाळा, पाणी जपून वापरा, असे आपण अनेकदा ऐकले आहे. ते योग्यच आहे. या रविवारी मात्र आपण जरा वेगळ्या आणि जरा अवघड विषयाकडे वळू या. हा विषय आहे आपल्या घरातल्या विजेचा, धाटावच्या कारखान्यांतल्या वाफेचा आणि रस्त्यावरच्या गाड्यांतल्या डिझेलचा.

आपल्या देशाने जगापुढे एक शब्द दिला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगो येथे भरलेल्या हवामान परिषदेत पंतप्रधानांनी जाहीर केले की, २०७० पर्यंत भारत 'नेट झिरो' होईल. म्हणजे काय? कोळसा, डिझेल, पेट्रोल, गॅस जाळल्यावर कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. तो पांघरुणासारखा पृथ्वीभोवती साठतो आणि तिची उष्णता अडवून धरतो. हा वायू हवेत जाईल तेवढाच जंगलांनी किंवा अन्य उपायांनी परत शोषला गेला, तर बेरीज-वजाबाकी शून्य होते. यालाच नेट झिरो म्हणतात. अनेक श्रीमंत देशांनी त्यासाठी २०५० हे साल धरले आहे, चीनने २०६० आणि आपण २०७०.

२०७० साल आले तेव्हा आपल्यापैकी बरेच जण प्रभूच्या घरी गेलेले असतील. पण यंदा बाप्तिस्मा घेतलेली बालके तेव्हा आजी-आजोबा होण्याच्या वयाला टेकलेली असतील. म्हणून हा विषय त्यांचा आहे आणि त्यांच्यासाठी आजच विचार करणे हे आपले काम आहे.

देवाने दिलेली योजना

'योजना' हा शब्द ऐकला की आपल्याला सरकारी कचेरी आठवते. पण पवित्र शास्त्रातही योजना आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकात, एकेचाळिसाव्या अध्यायात, योसेफाची कथा येते. खोट्या आरोपामुळे तुरुंगात पडलेला हा तरुण मिसर देशाच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहतो आणि त्याच्या स्वप्नांचा अर्थ सांगतो. सात वर्षे सुकाळाची येतील, नंतर सात वर्षे दुष्काळाची येतील. योसेफ केवळ अर्थ सांगून थांबत नाही. काय करायचे तेही तो सांगतो. सुकाळात पिकाचा पाचवा हिस्सा वेगळा काढा, नगरोनगरी कोठारे भरा, देखरेखीला शहाणी माणसे नेमा. फारोने ते ऐकले. दुष्काळ आला तेव्हा मिसरातच नव्हे, तर आसपासच्या देशांतही माणसे जगली. योसेफाला विकून टाकणारे त्याचे भाऊही त्याच धान्यावर जगले.

यातून आपण तीन गोष्टी शिकतो. पहिली, येणाऱ्या संकटाची सूचना मिळणे ही देवाची कृपा आहे. दुसरी, सूचना मिळाल्यावर हात जोडून बसणे ही श्रद्धा नव्हे. देवाने दिलेली बुद्धी वापरणे ही श्रद्धा. तिसरी, साठवण सुकाळातच करावी लागते. दुष्काळ दारात आल्यावर कोठार बांधता येत नाही.

आज सूचना देणारे शास्त्रज्ञ आहेत. ते सांगतात की, हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची शक्ती सुमारे सात टक्क्यांनी वाढते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळतो आणि पडत नाही तेव्हा जमीन भाजून निघते. आपल्या रायगडला हे पुस्तकातून वाचायची गरज नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांची कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब हजारोंनी पडले आणि कित्येक गावे अनेक दिवस अंधारात राहिली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी डोंगराखाली गाडली गेली. अशा प्रत्येक घटनेचे कारण केवळ हवामानबदल आहे असे आपण म्हणणार नाही; डोंगरउतार, जंगलतोड, घरांची जागा अशी कारणेही असतात. पण पाऊस अधिक बेभान होत आहे आणि त्याचा पहिला घाव वाडीवरच्या गरिबावर पडतो, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

आपल्या देशाची कोठारे

सूचना मिळाल्यावर आपल्या देशाने काय केले? २०३० पर्यंत वीजनिर्मितीच्या एकूण क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा-तेल-गॅसविना चालणारी असावी, असे उद्दिष्ट २०२२ मध्ये ठरले. हे उद्दिष्ट पाच वर्षे आधी, २०२५ मध्येच गाठले गेले. ही आनंदाची गोष्ट आहे आणि त्यासाठी झटलेल्या अभियंत्यांचे व कामगारांचे कौतुक केले पाहिजे.

तरी आपण फसू नये. क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सौर पॅनेल रात्री झोपते, पवनचक्की वारा नसला की थांबते, कोळशाचे केंद्र मात्र अहोरात्र चालते. त्यामुळे आजही देशात तयार होणाऱ्या विजेपैकी दोन-तृतीयांशांहून अधिक वीज कोळशापासूनच येते. २०२४-२५ या वर्षात देशाने शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा खणून काढला. आपल्या घरी एक युनिट वीज जळते तेव्हा देशाच्या सरासरीने सुमारे सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड कुठल्या तरी धुराड्यातून बाहेर पडलेला असतो. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या घराचा हिशेब सत्तर किलोपर्यंत जातो.

एक जवळचे उदाहरण घेऊ. कोकण रेल्वे आपल्या रोह्यापासून सुरू होते. १९९८ मध्ये ती पूर्ण मार्गावर सुरू झाली तेव्हा डिझेलचे इंजिन होते. रोह्यापासून कर्नाटकातील ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरच्या मार्गावर विजेच्या तारा टाकण्याचे काम २०१५ मध्ये सुरू झाले आणि २० जून २०२२ रोजी तो विद्युत मार्ग राष्ट्राला अर्पण झाला. डोंगर, बोगदे, पूल आणि पाऊस यांतून हे काम सात वर्षे चालले. डिझेलचा धूर मार्गावरून गेला. पण विजेच्या इंजिनाला लागणारी वीज बहुतांश कोळशाचीच असेल, तर धूर नाहीसा झाला नाही, तो चंद्रपूर-कोराडीसारख्या ठिकाणी गेला. म्हणून काम दोन पायऱ्यांचे आहे. जे आज इंधनावर चालते ते विजेवर आणणे ही पहिली पायरी, आणि ती वीज स्वच्छ करणे ही दुसरी. एकच पायरी चढून थांबलो तर आपण फक्त आपला धूर शेजाऱ्याच्या अंगणात टाकला असे होईल.

दुपारचे ऊन संध्याकाळसाठी साठवणे हाच आजच्या योसेफापुढचा मोठा प्रश्न आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच डोंगरात आहे. भिऱ्याच्या वीजकेंद्रात एक १५० मेगावॅटचा संच असा आहे की, वीज मुबलक असते तेव्हा तो पाणी पंपाने वर चढवतो आणि विजेची गरज वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज करतो. वर चढवलेले पाणी म्हणजे भरलेले कोठार. असेच मोठे प्रकल्प भिवपुरी (१००० मेगावॅट) आणि पुणे जिल्ह्यातील शिरवटा (१८०० मेगावॅट) येथे उभारण्यासाठी टाटा पॉवर कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये राज्य सरकारशी करार केला.

कथेचा दुसरा भाग

इथपर्यंत योसेफाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तिचा पुढचा भाग मात्र क्वचितच वाचला जातो. उत्पत्तीचा सत्तेचाळिसावा अध्याय घरी उघडून पाहावा.

दुष्काळ वाढला. लोक धान्य घ्यायला आले. कोठारातले धान्य त्यांच्याच शेतातले होते, पण आता ते विकत घ्यायचे होते. पहिल्या वर्षी त्यांचे पैसे संपले. मग त्यांनी गुरेढोरे दिली. पुढच्या वर्षी द्यायला काहीच उरले नाही, तेव्हा त्यांनी जमीन दिली आणि स्वतःलाही फारोचे दास म्हणून दिले. जीव वाचला म्हणून त्यांनी योसेफाचे आभारही मानले. पण दुष्काळ संपला तेव्हा सगळी जमीन राजाची झाली होती आणि तिच्यावर राबणारा शेतकरी राजाचा कूळ झाला होता. फक्त एका वर्गाची जमीन गेली नाही. तो वर्ग होता याजकांचा. त्यांना राजाकडून नेमणूक मिळत होती.

निर्गमचे पुस्तक उघडले की पहिल्याच अध्यायात दिसते की, योसेफाला न ओळखणारा नवा राजा गादीवर आला आहे आणि योसेफाच्याच वंशजांना वेठीला धरून त्यांच्याकडून तो काय बांधून घेत आहे? कोठारांची नगरे. ज्या कोठारांनी बापांना जगवले, तीच बांधताना लेकरे गुलाम झाली.

बंधू-भगिनींनो, हे देवाचे वचन आपल्याला जपून वाचायला हवे. योसेफाची योजना चुकीची नव्हती. तिच्यावाचून लाखो माणसे मेली असती. पण योजनेने जीव वाचतो की नाही एवढेच विचारून भागत नाही. संकट टळल्यावर जमीन कोणाची, कोठाराची किल्ली कोणाकडे आणि राबणाऱ्याच्या हाती काय उरले, हेही विचारावे लागते. आणि ज्यांची जमीन सुरक्षित राहते अशा याजकवर्गाने, म्हणजे आम्ही धर्मगुरूंनी आणि धर्मसंस्थांनी, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे, कारण गप्प बसण्याचा मोह आम्हालाच अधिक होतो.

कुंडलिकेचे पाणी

हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही. तो रोज आपल्या शेजारून वाहतो.

कुंडलिका उन्हाळ्यातही वाहती का असते? कोकणातल्या कितीतरी नद्या मार्च-एप्रिलमध्ये आटतात. कुंडलिकेला पाणी मिळते ते सह्याद्रीच्या पलीकडून. मुळशीच्या धरणातले पाणी डोंगरातून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याला उतरते, तिथे वीज तयार होते आणि सुटलेले पाणी कुंडलिकेत येते. कोलाडला पर्यटक होड्या लोटतात ते याच पाण्यावर. डोलवहालच्या बंधाऱ्यातून कालव्यांना आणि धाटावच्या कारखान्यांना जाणारे पाणीही याच नदीचे. पुढे हीच नदी रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामध्ये समुद्राला मिळते. कोर्लईचे आपले ख्रिस्ती बांधव पिढ्यान्‌पिढ्या त्या खाडीच्या तोंडाशी राहत आले आहेत.

भिऱ्याचे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. त्याआधी खोपोलीचे १९१५ मध्ये आणि भिवपुरीचे १९२२ मध्ये सुरू झाले होते. शंभर वर्षांपूर्वी, कोळशाच्या धुराने कोंदलेल्या मुंबईला सह्याद्रीच्या पावसावर चालणारी वीज मिळाली. आजच्या भाषेत ही स्वच्छ ऊर्जा. धूर नाही, राख नाही. तिची दूरदृष्टी आपण मान्य केली पाहिजे.

पण त्या पाण्याखाली काय गेले? मुळशी पेट्यातली सुमारे पन्नास गावे आणि भातखाचरे त्या धरणाच्या छायेत आली. मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले, तुरुंगात गेले. स्त्रिया-पुरुष धरणाच्या कामावर जाऊन बसले. तीन वर्षे झुंज चालली, आणि शेवटी धरण झाले. मुंबईला वीज मिळाली, पुढे रोह्याला पाणी मिळाले, आपल्या धाटावला कारखाने मिळाले आणि त्यांतून आपल्यापैकी अनेकांना पगार मिळाला. ज्यांनी जमीन दिली त्यांच्या वाट्याला काय आले, याचा हिशेब मात्र कोणत्याही लाईट बिलावर छापलेला नसतो.

बंधू-भगिनींनो, कोणावर दगड मारण्यासाठी आपण हे आठवत नाही. आपण स्वतः त्या पाण्याचे लाभार्थी आहोत. आपण हे आठवतो ते एवढ्यासाठी की, धूर नसलेली वीज आपोआप स्वच्छ होत नाही. तिच्या तळाशी कोणाचे अश्रू असतील, तर ती देवाच्या दृष्टीने स्वच्छ नाही. राजे यांच्या पहिल्या पुस्तकात नाबोथाची कथा आहे. अहाब राजाने त्याच्या द्राक्षमळ्याची योग्य किंमत देऊ केली होती, बदल्यात अधिक चांगला मळाही देऊ केला होता. नाबोथाने नकार दिला, कारण ती वाडवडिलांची जमीन होती. जिथे नकार देण्याची मुभा नसते, तिथे मोबदला कितीही मोठा असला तरी तो व्यवहार न्यायाचा होत नाही.

आपल्या जिल्ह्याने हे पुन्हाही अनुभवले. अलिबाग तालुक्यातील शहापूर-धेरंड भागात कोळशावरचे मोठे वीजप्रकल्प आणण्याचे बेत झाले तेव्हा खारभूमीतल्या शेतकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. कोळशाऐवजी उद्या सौर पॅनेल आली, पवनचक्क्या आल्या, नवी जलाशये आली, तरी विचारायचा प्रश्न तोच राहणार आहे.

धाटावच्या दारात

आता आपल्या दाराकडे पाहू. धाटावचे बरेचसे कारखाने रसायनांचे आहेत. रसायनाच्या कारखान्याला विजेपेक्षाही उष्णता अधिक लागते. ही उष्णता बॉयलरच्या वाफेतून येते आणि बॉयलर कोळसा, तेल, गॅस किंवा लाकूड-भुशाच्या विटांवर चालतो. म्हणून नुसती वीज स्वच्छ करून धाटाव नेट झिरो होणार नाही. वाफ कशी तयार करायची, हा इथला खरा प्रश्न आहे. काही ठिकाणी विजेवरचे बॉयलर येतील, काही ठिकाणी वाया जाणारी उष्णता पुन्हा वापरली जाईल, कुठे हायड्रोजनचा विचार होईल. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले. पेण तालुक्यात डोळवीला पोलादाचा मोठा कारखाना आहे. लोहखनिजातून लोखंड काढायला आजवर जगभर मुख्यतः कोळसाच वापरला जातो, त्यामुळे तिथला प्रश्न धाटावपेक्षाही कठीण आहे. शिवाय ज्या परदेशी कंपन्यांना आपला माल जातो, त्या आता मालाबरोबर धुराचाही हिशेब मागू लागल्या आहेत. बदल येणार आहे. आपल्याला विचारून येईल की न विचारता, एवढेच ठरायचे आहे.

बदल आला की सर्वांत आधी कोणाचे काम जाईल? कोळशाची गाडी उतरवणाऱ्या हमालाचे, राख वाहणाऱ्याचे, ट्रकचालकाचे, ठेकेदाराकडे रोजावर असलेल्या बॉयलरच्या मदतनिसाचे. कायम कामगाराला निदान नोटीस मिळते. कंत्राटी कामगाराला पुढच्या सोमवारी गेटवर सांगितले जाते की उद्यापासून येऊ नको. चंद्रपूर, वणी, कोराडी, परळी इथल्या हजारो कुटुंबांपुढे हाच प्रश्न आपल्यापेक्षा मोठ्या प्रमाणावर उभा राहणार आहे. तिथे घरटी एखादा माणूस खाणीवर किंवा वीजकेंद्रावर असतो, आणि चहाच्या टपरीपासून शाळेपर्यंत सगळे त्या पगारावर चालते. त्या लोकांनी देशाला पन्नास-साठ वर्षे प्रकाश दिला. त्यांचे हात काळे झाले म्हणून आपली घरे उजळली. त्यांना अपराधी ठरवून वाऱ्यावर सोडणे हे ख्रिस्ती मनाला शोभणारे नाही.

आणि याहूनही खाली, हिशेबाच्या कोणत्याच रकान्यात नसलेले आपले कातकरी बांधव आहेत. पिढ्यान्‌पिढ्या या समाजातील कुटुंबांनी कोळशाच्या भट्ट्या लावल्या आणि वीटभट्ट्यांवर उचल घेऊन राबत राहिली. दुसऱ्यांसाठी इंधन तयार करणाऱ्यांच्या स्वतःच्या चुलीत आजही अनेकदा डोंगरातून डोक्यावर आणलेले सरपण असते. सिलिंडर मिळाला तरी तो भरून आणायला पैसे नसतात. नेट झिरोच्या गणितात या माणसांनी कोणाचे काय वाढवले? जवळजवळ काहीच नाही. पण इरशाळवाडीसारख्या वाड्यांवर दरड कोसळते तेव्हा मरतात ते आदिवासीच.

ख्रिस्तसभेची शिकवण

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लावदातो सी' हे विश्वपत्र लिहिले. कोळसा, तेल आणि मग गॅस यांच्या जागी टप्प्याटप्प्याने पण विलंब न लावता दुसरी ऊर्जा आली पाहिजे, असे त्यांनी त्यात स्पष्ट सांगितले. त्याचबरोबर पृथ्वीचा आक्रोश आणि गरिबांचा आक्रोश हे दोन वेगळे नाहीत, हेही त्यांनी शिकवले. ४ ऑक्टोबर २०२३ च्या 'लावदाते देउम' या पत्रात त्यांनी बजावले की, ऊर्जेतला बदल परिणामकारक, सर्वांवर बंधनकारक आणि तपासता येईल असा हवा. म्हणजे नुसती घोषणा नको. जून २०२४ मध्ये त्यांनी व्हॅटिकनची सर्व वीज सूर्यापासून मिळावी म्हणून रोमजवळ सांता मारिया दी गालेरिया येथे सौर प्रकल्प उभारण्याचा आदेश काढला, आणि तिथली शेतीही चालू राहील अशी योजना करायला सांगितले. दुसऱ्याला उपदेश करण्याआधी त्यांनी आपले घर पाहिले.

त्यांच्यामागून आलेल्या पोप लिओ चौदावे यांनी हे नाव का घेतले, तेही लक्षात घ्यावे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोवारुम' या विश्वपत्रात यंत्रयुगातल्या कामगारांची बाजू मांडली होती. आज पुन्हा यंत्रे बदलत आहेत. तेव्हाचे यंत्रयुग कोळशाने आणले, आताचे कदाचित कोळशावाचून येईल, पण कामगाराचा मान आणि त्याच्या कुटुंबाची भाकरी हा प्रश्न तसाच आहे.

आपापल्या घरासमोरची भिंत

कोणी म्हणेल, 'फादर, हे सगळे दिल्ली-मुंबईचे काम. आम्ही धाटावची चार माणसे काय करणार? आणि प्रदूषण तर श्रीमंत देशांनी केले.' या बोलण्यात तथ्य आहे. भारतातला माणूस सरासरीने जेवढा कार्बन सोडतो तो जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. श्रीमंत देशांनी आधी आणि अधिक भार उचलला पाहिजे, हे ख्रिस्तसभाही म्हणते. पण शेजारी जास्त दोषी आहे म्हणून आपल्या घराला लागलेली आग कोणी तशीच ठेवत नाही.

नहेम्या संदेष्ट्यासारखा झटला तेव्हा यरुशलेमची पडलेली भिंत बावन्न दिवसांत उभी राहिली. कशी? त्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात नावांची लांबलचक यादी आहे. सोनार, गंधी, व्यापारी, याजक, एका माणसाच्या मुलीसुद्धा. पुष्कळांनी आपापल्या घरासमोरचा तुकडा बांधला. योजना सगळ्या नगराची होती, काम घराघराचे होते. आपणही आपल्या घरासमोरचा तुकडा पाहू या.

पहिले, घर. गेल्या बारा महिन्यांची लाईट बिले काढून युनिट लिहून ठेवावेत. वापर कळला की बचत सुचते. ज्यांचे स्वतःचे पक्के छत आहे त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेची माहिती महावितरणच्या कचेरीतून घ्यावी. एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किलोवॅट किंवा अधिकला ७८,००० रुपये अनुदान त्या योजनेत ठरले आहे. एक किलोवॅट पॅनेलला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट वीज मिळते. आपल्या पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात अधिक. आणि ज्यांना शक्य आहे त्यांनी भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांचाही विचार करावा, कारण ज्याला स्वतःचे छत नाही त्याला या योजनेचा लाभ घेता येत नाही.

दुसरे, आपले चर्च. चर्चचे छत आणि आवारातले दिवे-पंखे यांचा हिशेब धर्मग्राम परिषदेने मांडावा आणि तो सर्वांसमोर वाचून दाखवावा. सणाच्या रोषणाईपासून ध्वनिक्षेपकापर्यंत काय आवश्यक आहे आणि काय केवळ हौसेचे आहे, ते आपण मिळून ठरवू या. जे वाचेल त्यातून एखाद्या वाडीवर चूल आणि दिवा यांची सोय झाली, तर ते आपल्या मिस्साबलीतले खरे अर्पण होईल.

तिसरे, कारखाना. आपल्यापैकी जे व्यवस्थापनात आहेत, त्यांनी बॉयलर बदलण्याचा बेत कागदावर येताच कामगारांशी बोलावे. आधी शिक्षण, मग बदल, हा क्रम असावा. जे माणूस कमी करण्याच्या यादीवर सही करतात, त्यांनी सही करण्याआधी त्या माणसाच्या घरची माणसे मोजावीत. कामगार संघटनेत असलेल्यांनी कंत्राटी कामगारालाही आपला म्हणावे. आणि तरुण-तरुणींनो, आयटीआयला जाताना चौकशी करा. सौर पॅनेल बसवणारे, बॅटरीची दुरुस्ती जाणणारे, विजेवरची वाहने हाताळणारे हात पुढच्या काळात लागणार आहेत.

चौथे, गाव. ग्रामसभेत बसावे. नवा प्रकल्प येतो तेव्हा जमीन कोणाची, पाणी कोठले, काम कोणाला, वीज कोणाला, आणि प्रकल्प बंद झाल्यावर सफाई कोण करणार, हे पाच प्रश्न नम्रपणे पण मोठ्या आवाजात विचारावेत. प्रदूषित नद्यांच्या यादीत आपल्या कुंडलिकेचे नाव लागलेले आहे. ज्या नदीने शंभर वर्षे वीज, शेती आणि कारखाने पोसले, तिच्यासाठी बोलायला निदान तिच्या काठची माणसे तरी असावीत.

रोह्याशी नाते सांगणारे चिंतामणराव देशमुख स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री होते आणि पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्या काळात राबवली गेली. देशाची योजना आखणाऱ्यांत या मातीचा माणूस होता, याचा आपल्याला अभिमान आहे. उद्याच्या योजना आखताना या मातीतली मुलेही तिथे असावीत, आणि ती अशी असावीत की, कोठार भरताना ज्याचे शेत आहे त्याला ती विसरणार नाहीत.

प्रभू येशूने सांगितले आहे की, भुकेल्याला, तहानलेल्याला, उघड्याला आपण जे केले ते त्यालाच केले. शेवटच्या दिवशी तो आपल्याला किती मेगावॅट झाले असे विचारणार नाही. अंधारात बसलेल्या माझ्या भावंडांना दिवा दिलास का, आणि तो देताना दुसऱ्या कोणाचा विझवला नाहीस ना, असे विचारेल. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ताठ मानेने देता यावे म्हणून प्रार्थना करू या.

हे दयाळू पित्या, सूर्य, वारा आणि पाणी तू सर्वांसाठी दिलेस. ते वापरण्याचे शहाणपण आमच्या राज्यकर्त्यांना आणि शास्त्रज्ञांना दे. खाणीत, बॉयलरवर आणि भट्टीवर राबणाऱ्या आमच्या भावंडांचे रक्षण कर. त्यांची भाकरी हिरावून न घेता ही पृथ्वी सावरण्याचा मार्ग आम्हाला दाखव. धरणाखाली आणि दरडीखाली ज्यांची घरे गेली त्यांचा विसर आम्हाला पडू देऊ नकोस. आणि आज आमच्यामध्ये जी बालके खेळत आहेत, ती म्हातारी होतील तेव्हा त्यांना वाहती कुंडलिका, स्वच्छ आकाश आणि परस्परांवर प्रेम करणारी माणसे लाभू देत. हे आम्ही मागतो, आमचा प्रभू येशू ख्रिस्त याच्याद्वारे. आमेन.